कॅराव्हॅन साइटची परवानगी: आधी समोरच्या टेकडीवर जाऊन या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बर्मिंगहॅममध्ये बरीच वर्षं काढल्यावर तुम्ही दोघांनी गेल्या सप्टेंबरात श्रॉपशायर हिल्समध्ये, क्लन गावापासून दीडेक मैलावर, उताराचं साडेचार एकर कुरण विकत घेतलं. तिथे बारा स्टॅटिक (म्हणजे एका जागी ठेवायच्या, मोठ्या) कॅराव्हॅन ठेवून सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या आहेत. एजंट म्हणाला, ‘कॅराव्हॅनला चाकं असतात, ते बांधकाम नव्हे, परवानगी लागतच नाही.’ शेजारचा शेतकरी म्हणाला, ‘हा संरक्षित भाग आहे, इथे कुणालाच परवानगी मिळत नाही.’ तुम्ही विचारताय, खरं कुणाचं, आणि बारापैकी किती मिळतील?

दोघांचंही खरं धरू नका. मी गेली बावीस वर्षं इंग्लंडच्या पश्चिम भागात हेच काम करते. शेतकऱ्यांचे आणि लहान व्यावसायिकांचे प्लॅनिंगचे (बांधकाम आणि जमीनवापराच्या परवानगीचे) अर्ज तयार करणं आणि ते नाकारले गेले तर अपिलात उभं राहणं हा माझा रोजचा व्यवसाय. तरी जागा पाहिल्याशिवाय मी ‘मिळेल’ किंवा ‘नाही मिळणार’ असं सांगणार नाही, आणि कुणी नुसत्या फोनवर सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. खाली लिहिलेलं सगळं इंग्लंडपुरतं आहे. क्लनपासून वेल्सची हद्द जवळ आहे, आणि पलीकडचे नियम वेगळे आहेत.

चाकांचा विषय आधी संपवू. १९६० च्या कॅराव्हॅन कायद्यानुसार माणसाला राहण्याजोगी आणि ओढून किंवा ट्रेलरवर चढवून दुसरीकडे नेता येईल अशी वस्तू म्हणजे कॅराव्हॅन. दोन भागांत आणून जागेवर जोडलेलं मोठं युनिटही १९६८ च्या कायद्याने याच व्याख्येत घेतलं, पण मापाची अट घालून. इंग्लंडमध्ये २००६ पासून ती मापं जास्तीत जास्त अशी आहेत: लांबी २० मीटर, रुंदी ६.८ मीटर, आतली उंची ३.०५ मीटर. यात बसणारी कॅराव्हॅन सहसा बांधकाम धरली जात नाही. इथवर एजंट बरोबर आहे. पण १९९० च्या प्लॅनिंग कायद्याखाली परवानगी दोन गोष्टींना लागते: बांधकामाला, आणि जमिनीचा वापर बदलायला. मेंढ्या चरायच्या कुरणावर पाहुणे राहू लागले की वापर बदलला, मग कॅराव्हॅनला चाकं असोत वा नसोत. आपल्याकडे शेतजमिनीवर धंदा टाकायचा तर आधी एनए करावं लागायचं, साधारण तसं समजा. फरक एवढाच की इथे प्रत्येक योजना तिच्या गुणदोषांवर तपासली जाते, आणि त्या तपासणीत बराच वाव असतो, तुमच्या बाजूने आणि तुमच्या विरुद्धही.

एजंटला ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगते. श्रॉपशायरच्या २०१५ च्या स्थानिक आराखड्यातलं पर्यटनाचं धोरण म्हणतं की जुनी इमारत बदलून केलेली नाही आणि कॅराव्हॅनच्या कायदेशीर व्याख्येतही बसत नाही, अशा नव्या हॉलिडे घराला मोकळ्या रानात विरोध केला जाईल. म्हणजे ती व्याख्या परवानगीतून सुटण्यासाठी उपयोगाची नाही, परवानगी मागताना मात्र उपयोगाची आहे. म्हणून कुणी ‘पक्कं लाकडी केबिन बांधा, जास्त भाडं येईल’ असं सुचवलं तर ऐकू नका. त्याच धोरणात असंही लिहिलंय की स्टॅटिक कॅराव्हॅन, शॅले (सुट्टीसाठीची छोटी घरं) आणि लाकडी केबिन यांचा परिसरावर जास्त परिणाम होतो, म्हणून त्यांची मांडणी आणि भोवतीची लागवड उच्च दर्जाची हवी.

आता शेजाऱ्याचं म्हणणं. श्रॉपशायर हिल्सला १९५८ मध्ये ‘विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश’ म्हणून संरक्षण मिळालं. नोव्हेंबर २०२३ पासून अशा सगळ्या प्रदेशांना ‘नॅशनल लँडस्केप’ म्हणतात. राष्ट्रीय प्लॅनिंग धोरण सांगतं की इथल्या निसर्गसौंदर्याला निर्णयात मोठं वजन द्यायचं आणि विकासाचं प्रमाण मर्यादित ठेवायचं. मर्यादित ठेवा असं म्हटलंय, बंद करा असं नाही. अशा भागांत दरवर्षी छोट्या कॅराव्हॅन साइट मंजूर होतात, आणि काही माझ्या हातून झाल्या आहेत. पण २६ डिसेंबर २०२३ पासून एक शब्दबदल झाला आणि त्याने माझं काम बरंच बदललं. आधी कौन्सिलने, म्हणजे परवानगी देणाऱ्या स्थानिक प्रशासनाने, निसर्गसौंदर्य ‘लक्षात घ्यावं’ इतकंच कायद्याला हवं होतं. आता ते जपण्याचा आणि वाढवण्याचा हेतू ‘पुढे नेण्याचा प्रयत्न करावा’ असं बंधन आहे. पूर्वी आम्ही ‘नुकसान फारसं नाही’ एवढं पटवून द्यायचो. आता अधिकारी विचारतात, तुमच्या योजनेने या डोंगराचं काय भलं होणार? तुटलेलं झाडाझुडपांचं कुंपण पुन्हा लावणार? खतांनी एकसुरी झालेल्या कुरणात रानफुलं परत आणणार? याचं खरं उत्तर नसलेला अर्ज हल्ली मी हातातच घेत नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘किती कॅराव्हॅन मिळतील’ हा नाही. या शेतात कॅराव्हॅन सामावून घेणारी जागा कुठे आहे, आणि अशी जागा मुळात आहे का, हा आहे. त्याचं उत्तर शेतात उभं राहून मिळत नाही. त्यासाठी समोरच्या टेकडीवर जावं लागतं.

हे मी नुकसान सोसून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाच्या अर्जासाठी मी जुलैत फोटो काढले. कुंपणाची झाडं पानांनी गच्च होती, पलीकडून शेत दिसतही नव्हतं. अर्ज नाकारला गेला, आम्ही अपील केलं, आणि सरकारी इन्स्पेक्टर जागा पाहायला डिसेंबरात आले. पायवाटेवर आम्ही दोघं उभे होतो. उघड्या फांद्यांमधून सगळा उतार तळहातासारखा समोर होता. त्या क्षणी मला निकाल कळला होता. त्या कुटुंबाचे पैसे गेले, वर्ष गेलं, आणि चूक माझी होती. तेव्हापासून मी पानगळ झाल्यावर जागा पाहते, नाहीतर काम पुढे ढकलते.

तर नकाशा घ्या आणि शेत कुठकुठल्या सार्वजनिक पायवाटांवरून दिसू शकतं ते शोधा. तुमच्या भागात ऑफाज डाइक पाथ आणि श्रॉपशायर वे या लांब पल्ल्याच्या वाटा आहेत. त्यांवरून चालणारी माणसं त्या देखाव्यासाठीच आलेली असतात, त्यामुळे तिथून दिसणारी कॅराव्हॅन शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या कॅराव्हॅनपेक्षा जास्त जड पडते. जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक वाटेवर जा. एकाने शेतात उभं राहायचं, हातात उंच बांबू आणि त्याला पांढरी चादर, साधारण साडेतीन मीटरवर. दुसऱ्याने टेकडीवरून बघायचं. शेतातल्याने कोपऱ्याकोपऱ्यात फिरायचं आणि चादर कुठे लपते, कुठे लपत नाही ते नकाशावर मांडायचं. एवढ्याने अभ्यास पूर्ण होत नाही, पुढे लँडस्केप आर्किटेक्टकडून रीतसर अहवाल लागेलच. पण त्याला हजारो पौंड देण्याआधी तुम्हालाच कळेल की पैसे घालावेत की नाही.

बघताना नुसती कॅराव्हॅन बघू नका. लांबून आधी नजरेत भरतं ते चकाकणारं छप्पर, मग उभ्या गाड्यांच्या काचा, मग खडीचा पांढरा रस्ता. रात्री दिवे. उतारावर स्टॅटिक ठेवायची तर सपाट जागा हवी, म्हणजे डोंगर कापून पायऱ्या करायच्या, आणि तो ओरखडा कॅराव्हॅनपेक्षा ठळक दिसतो. शिवाय ते खोदकाम स्वतंत्रपणे बांधकामात मोडतं. मी मूळची साताऱ्याची. पाचगणीकडे चढताना हिरव्या उतारावर एखादंच निळं पत्र्याचं छप्पर सगळी नजर कसं ओढून घेतं, हे लहानपणापासून पाहिलंय. इथल्या लोकांना आपल्या टेकड्यांबद्दल वाटतं ते मला परकं वाटत नाही. गडद, मळकट हिरवा किंवा तपकिरी रंग, चमक नसलेलं छप्पर, फुटभर उंचीचे खाली प्रकाश टाकणारे दिवे आणि झाडामागे गाड्या, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

झाडं लावून लपवू, असं प्रत्येक जण म्हणतो. लावा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. झटपट वाढणाऱ्या कोनिफरची भिंत उभी केली तर लँडस्केप अधिकारी ती भिंतच खटकते म्हणून लिहितील, कारण त्या डोंगरावर ती परकी दिसते. हॉथॉर्न, हेझल, ब्लॅकथॉर्न, फील्ड मेपल ही तिथली झाडं, पण त्यांना दाट व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. आणि कुंपणातल्या अ‍ॅशच्या झाडांवर भिस्त ठेवू नका. त्यांना मारणारा बुरशीचा रोग २०१२ मध्ये या देशात आढळला आणि सगळीकडे पसरला. आज आडोसा देणारं झाड तुमच्या पाहुण्यांच्या काळात उभं असेलच असं नाही. जागा जमिनीच्या घडणीने लपलेली असेल तर उत्तम, उभ्या असलेल्या निरोगी झाडांनी लपलेली असेल तर चांगलं, आणि लावायच्या झाडांनी लपणार असेल तर अर्ज कमकुवत. माझा अनुभव याच क्रमाचा आहे.

हेरफर्डशायरच्या बाजूच्या एका शेतकरी जोडप्याला चौदा कॅराव्हॅन हव्या होत्या. माझ्याकडे येण्याआधी त्यांचा अर्ज एकदा नाकारला गेला होता. फेब्रुवारीत समोरच्या वाटेवरून पाहिलं तर शेत ताटासारखं आपल्याकडे कललेलं. फक्त खालचा एक कोपरा, जुन्या सफरचंदाच्या बागेचा, टेकडीच्या कुशीत होता. तिथे सहा बसत होत्या. मालकीणबाई नाराज झाल्या, साहजिक होतं. आम्ही सहाच मागितल्या, आणि बागेतल्या मेलेल्या झाडांच्या जागी त्याच भागातल्या जुन्या वाणांची पस्तीस झाडं लावायची योजना जोडली. ती मंजूर झाली. चौदासाठी भांडत राहिलो असतो तर एकही मिळाली नसती.

देखाव्यानंतर तुमच्या जागेच्या दोन मोठ्या अडचणी उरतात, आणि त्या मला देखाव्याहून अवघड वाटतात.

पहिली, शेताचं ठिकाण. श्रॉपशायरचं २०११ चं मूळ धोरण म्हणतं की ग्रामीण भागातली पर्यटकांची राहण्याची सोय गावात किंवा गावाजवळ असावी, नाहीतर आधीपासून चालू आणि टिकाऊ पर्यटन व्यवसायाला ती लागत असावी. तुमचं शेत गावापासून दीड मैलावर आहे आणि तिथे कुठलाही व्यवसाय नाही. चालू शेती असलेल्या माणसाला ‘जोडधंदा’ म्हणून काही सहानुभूती मिळते, तीही तुम्हाला नाही. हा मुद्दा निकाल लावेलच असं नाही. गावापर्यंत चालण्याजोगी पायवाट आहे का, पाहुणे गावातल्या दुकानात आणि पबमध्ये खर्च करतील हे पटवता येतं का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. बाराला हा मुद्दा घातक ठरेल असं वाटतं. चार-पाचला कदाचित नाही.

दुसरी, नदी. तुमच्या सांडपाण्याची वाट बहुधा क्लन नदीकडे जाते. ही नदी गोड्या पाण्यातल्या मोत्याच्या शिंपल्यांसाठी संरक्षित आहे. या शिंपल्या शंभर वर्षंसुद्धा जगतात, पण त्यांची पिल्लं जगायला तळाची वाळू आणि पाणी फार स्वच्छ लागतं. नदीत फॉस्फरस आणि नायट्रोजन आधीच जास्त आहे. म्हणून या पाणलोटात रात्रीच्या मुक्कामाची नवी सोय मंजूर करायची तर तिच्यामुळे नदीत जाणारी पोषकद्रव्यं वाढणार नाहीत, हे आकडेमोड करून दाखवावं लागतं. सुट्टीच्या कॅराव्हॅनही त्यात येतात. ‘आधुनिक ट्रीटमेंट प्लांट बसवू’ हे उत्तर पुरत नाही, कारण त्यातूनही काही भाग सुटतोच. कुरणातल्या मेंढ्या कायमच्या काढल्या, खत बंद केलं, काही भागावर रान वाढू दिलं, तर हिशेब काही वेळा जुळतो. साडेचार एकरांत तुमच्याकडे तेवढी मोकळीक आहे का, हे पर्यावरण सल्लागाराकडून लेखी घ्या. माझ्या मते देखाव्याची चादर फिरवून झाल्यावर पहिला खर्च इथे करावा. हा हिशेब जुळला नाही तर बाकी कशालाच अर्थ नाही. आधी नकाशावर खात्री करून घ्या की शेत खरंच त्या पाणलोटात आहे. डोंगरमाथ्याच्या पलीकडे असेल तर ही अडचणच नाही.

रस्त्याचं थोडक्यात. फाटकातून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना किती लांबचं दिसतं ते हायवे अधिकारी बघतात. ताशी साठ मैल वेगमर्यादेच्या रस्त्यावर वेगाची पाटी बघून ते २१५ मीटर मागू शकतात. तेवढं दिसायला कुंपण तोडावं लागेल, आणि कुंपण तोडलं की देखाव्याचा मुद्दा हातचा जाईल. उपाय असा की रस्त्यावर आठवडाभर प्रत्यक्ष वेग मोजून घ्यावा. अरुंद वळणाच्या वाटेवर गाड्या तीस मैलांनीच जात असतील तर ४३ मीटरच्या आसपास भागू शकतं. मोजणीचा हा खर्च मी कधीच वाया गेलेला पाहिला नाही.

अर्जाच्या नकाशावरची लाल रेषाही, म्हणजे ज्या जागेसाठी परवानगी मागताय तिची हद्द, विचारपूर्वक काढा. साडेचार एकर म्हणजे सुमारे १.८ हेक्टर. रेषेतली जागा एक हेक्टर किंवा जास्त असली की अर्ज प्रक्रियेपुरता ‘मोठा’ ठरतो, निकालाची मुदत आठ आठवड्यांऐवजी तेरा होते आणि कागदपत्रं वाढतात. पाच-सहा कॅराव्हॅन, वाट आणि गाड्या यांना एवढी जागा लागत नाही. बाकीचं शेत निळ्या रेषेत, तुमच्या मालकीचं पण अर्जाबाहेरचं म्हणून दाखवा. २०२४ पासून जैवविविधतेत किमान दहा टक्के वाढ दाखवून ती तीस वर्षं सांभाळायची अट आली आहे. तिच्या सवलती अर्ज करताना ताज्या तपासा. निळ्या रेषेतलं कुरण इथेही कामाला येतं.

परवानगी मिळालीच तर दोन गोष्टी तिच्याबरोबर येतील. एक, कुणीही तिथे कायमचं राहायचं नाही अशी अट, आणि पाहुण्यांची नावं व त्यांच्या घरचे पत्ते लिहिलेली वही. ती मनापासून ठेवा, कौन्सिल बघायला मागतं. दुसरी, १९६० च्या कायद्याखालचं साइट लायसन्स. ते प्लॅनिंगनंतर मिळतं आणि त्यात मुख्यतः सुरक्षिततेच्या अटी असतात. दोन कॅराव्हॅनमध्ये साधारण सहा मीटर अंतर हवं, म्हणून आराखडा काढतानाच ते धरून चाला. नाहीतर कागदावरच्या सहा जमिनीवर पाच होतात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. स्टॅटिकचा हट्ट सोडला तर दोन हलक्या वाटा आहेत. कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब किंवा कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब यांच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थांच्या प्रमाणपत्रावर त्यांच्या सदस्यांसाठी पाच टूरिंग (पाहुण्यांनी गाडीमागे ओढून आणायच्या) कॅराव्हॅनची जागा चालवता येते. त्याला वेगळा प्लॅनिंग अर्ज किंवा साइट लायसन्स लागत नाही. दुसरी, २६ जुलै २०२३ पासून वर्षाला साठ दिवस, जास्तीत जास्त पन्नास तंबू किंवा कॅम्परव्हॅनची तात्पुरती जागा चालवण्याची मुभा. त्यात ओढून आणायच्या कॅराव्हॅन चालत नाहीत, शौचालयं आणि कचऱ्याची सोय लागते आणि दरवर्षी कौन्सिलला आधी कळवावं लागतं. पण क्लनच्या पाणलोटात इथेही नदीचा प्रश्न सुटत नाही. संरक्षित नदीवर परिणाम होण्याची शक्यता असेल तर ही मुभा वापरण्याआधीही त्या मुद्द्यावर कौन्सिलची लेखी संमती लागते. ही अट फार थोड्यांना माहीत असते, आणि तिच्यामुळे मी लोकांना उन्हाळ्याचं बुकिंग परत करताना पाहिलंय.

तुमच्या जागी मी असते तर दोन उन्हाळे पाच टूरिंगची जागा चालवून पाहिली असती. पाहुणे खरंच येतात का ते कळतं, गावात ओळखी होतात, आणि पुढे अर्ज करताना ‘चालू व्यवसाय’ म्हणायला काहीतरी हाती असतं. एवढ्या लहान व्यवसायाला धोरणातला ‘टिकाऊ पर्यटन व्यवसाय’ मानतील का, हे अधिकाऱ्यावर अवलंबून आहे. पण कोऱ्या शेतापेक्षा ते निश्चित बरं.

एक मात्र करू नका. ‘आधी दोन आणून ठेवू, मग बघू’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. परवानगीशिवाय वापर बदलला तर कौन्सिल दहा वर्षांपर्यंत कारवाई करू शकतं, आणि संरक्षित भागात शेजारी आणि वाटसरू ते पहिल्या आठवड्यातच कळवतात. त्यानंतर तोच अधिकारी तुमचा अर्ज वाचतो. कायद्याने त्याने तो निःपक्षपणे वाचायचा असतो, आणि बहुतेक वाचतातही. पण गावाने तोवर मन कडू केलेलं असतं आणि हरकतींची पत्रं त्या मनाने लिहिली जातात. त्याऐवजी शेजारच्या त्या शेतकऱ्याकडे जा, चहा घ्या, आणि आराखडा पक्का होण्याआधी तो त्याला दाखवा. पाणी कुठून वाहतं, धुकं कुठे साचतं, कुठला कोपरा वाटेवरून दिसत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणजे क्रम असा: टेकडीवरून पाहणी, नदीचा हिशेब, वेगाची मोजणी, आणि मग कौन्सिलकडे अर्जपूर्व सल्ल्याची विनंती. त्या विनंतीत बारा लिहू नका. टेकडीवरून जेवढ्या लपताना दिसल्या तेवढ्याच लिहा. अर्ज नाकारला गेला तर अपिलाला सहा महिने असतात, तो विषय तेव्हा बोलू. या जानेवारीत एखादा कोरडा दिवस निवडा, दुपारी तीनच्या सुमारास, ऊन तिरकं असताना. चादर कुठे दिसली आणि कुठे लपली तो नकाशा आणि फाटकातून दोन्ही बाजूंचे फोटो इथेच टाका. मग किती कॅराव्हॅन, हे आपण आकड्यात बोलू.